‘नाते’ या रकान्यात काय लिहायचं? थायलंडचा कायदा, आपलं कोर्ट आणि आमच्या गिरगावातली एक खोली

मुगभाटकर
२७ जानेवारी २०२५

काल आमच्या इमारतीत हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटून झाल्या आणि कुणीतरी मोबाइलवर थायलंडचा फोटो फिरवला. २३ तारखेपासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला आणि पहिल्याच दिवशी देशभरात अठराशेवर जोडप्यांनी नोंदणी केली. फोटोत साठीचे दोन पुरुष होते, एकाच्या हातात नोंदणीचा कागद.

‘आता हेच बघायचं राहिलं होतं’, ‘बंद करा गं, मुलं आहेत इथे’, ‘त्यांच्याकडे चालतं, आपल्याकडे नाही चालायचं’. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून म्हणाली, ‘त्यांचं ते बघतील, आपलं काय जातं?’ आणि सत्तरीच्या एक आजी फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, ‘म्हातारपणी सोबत आहे, बरंच आहे की.’ मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, म्हणून इथे लिहितेय.

माझा मामा गिरगावात पागडीच्या, म्हणजे मालकीच्या नव्हे तर जुन्या भाडेहक्काच्या, खोलीत राहायचा. भाडेपावती आजोबांच्या नावावर होती, ती पुढे मामाच्या नावावर झाली. छापखान्यात खिळे जुळवायचा. १९७९ साली त्याच्याकडे एक जण राहायला आले. सावंतवाडीकडचे, गिरणीत कामाला. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि बाहेर सांगताना ‘मामाचे रूम पार्टनर’. ८२च्या संपात काकांची गिरणी कायमची गेली. पुढे दीड वर्ष घर मामाच्या पगारावर चाललं. मग ऑफसेट आलं, मामाचा छापखाना बंद पडला आणि तेव्हा काकांच्या वॉचमनच्या नोकरीवर दोघांचं भागलं. मामाला बांगड्याचं तिखलं आवडायचं, काका काटे काढून त्याच्या ताटात ठेवायचे. आम्हा पोरांना त्यात कधी वेगळं काही वाटलं नाही. मोठ्यांना वाटत असावं, पण कुणी नाव घेतलं नाही.

२०११मध्ये मामाला आतड्याचं ऑपरेशन सांगितलं. काका कागद घेऊन उभे होते, तर हॉस्पिटलमधल्या माणसाने विचारलं, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ काका म्हणाले, ‘एकत्र राहतो.’ ‘नातेवाईक बोलवा.’ मी तेव्हा डोंबिवलीला होते. गाडी पकडून पोचायला मला दोन तास लागले आणि ते दोन तास काका फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसून होते. सही मी केली. मामाला कोणत्या गोळीने पित्त होतं हे मला ठाऊक नव्हतं, ते काकांनी सांगितलं.

मामा गेला. तेराव्यानंतर चाळीच्या रीडेव्हलपमेंटच्या गोष्टी सुरू झाल्या. खोली कुणाच्या नावावर करायची? वारस माझी आई, मामाची सख्खी बहीण. बत्तीस वर्षं त्या खोलीत राहिलेला माणूस कायद्याने कुणीच नव्हता. काका एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन गावाला गेले. खोली आमच्याकडे आली. हे कुणा मालकाने किंवा बिल्डरने केलं नाही. आमच्या घराने केलं.

२०१८मध्ये कलम ३७७ मधला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द झाला तेव्हा वाटलं होतं, आता पुढचंही होईल. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं आणि याच महिन्यात, ९ जानेवारीला, फेरविचार याचिकाही फेटाळल्या. दोन आठवड्यांनी थायलंडमध्ये लोक नोंदणीसाठी रांगेत उभे होते. माझं म्हणणं सरळ आहे: हा कायदा इथेही हवा. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर लिहा, पण नुसतं ‘संस्कृती’ म्हणून थांबू नका. माझ्या काकांसाठी काय व्हायला हवं होतं, ते सांगा.

पार्ल्याचा अप्पा

ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या काकांवर अन्याय झाला, याबद्दल वाद नाही. पण त्यावरचा उपाय लग्न, हे मला पटत नाही.

लग्न हा आपल्याकडे दोन माणसांमधला करार नाही. सप्तपदी आहे, कुलदैवत आहे, दोन घरं जोडली जातात, पुढची पिढी येते. तुम्ही त्याला जुनाट म्हणा, पण माझ्यासारख्या लाखो लोकांची ती श्रद्धा आहे आणि ती सरकारी कागदाने बदलू नये. ३७७ गेलं याचा मला आनंदच झाला. कुणाच्या बेडरूममध्ये पोलिसांनी जाऊ नये. राहा एकत्र, कुणी अडवत नाही. मृत्युपत्र करा, बँकेत नॉमिनी नेमा, हॉस्पिटलसाठी मुखत्यारपत्र करा. हे सगळं आजही होतं. त्यासाठी ‘लग्न’ हाच शब्द कशाला?

आणि कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलंय की हे संसदेचं काम आहे. पाच विरुद्ध शून्य. मग विषय संपला ना?

सनद

अप्पा, विषय संपलेला नाही. वकिली करतो म्हणून दोन गोष्टी दुरुस्त करतो.

पाच-शून्य अर्धंच खरं आहे. लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि १९५४चा विशेष विवाह कायदा कोर्टाने बदलायचा नाही, यावर पाचही जण एक होते. पण अशा जोडप्यांच्या नात्याला लग्नाव्यतिरिक्त काही कायदेशीर मान्यता द्यावी का, त्यांना मिळून मूल दत्तक घेता यावं का, यावर निकाल तीन विरुद्ध दोन असा होता. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात गेले.

आता मृत्युपत्राचं. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट असेल तर मृत्युपत्र चालतं. पागडीच्या खोलीला चालत नाही. भाडेकरूला भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्येच सांगितलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९प्रमाणे भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणारा ‘कुटुंबातला सदस्य’ भाडेकरू होतो, तसा कुणी नसेल तर वारस. म्हणजे त्या मामांनी शंभर मृत्युपत्रं केली असती तरी काकांना खोली मिळाली नसती. काका कायद्याने ‘कुटुंब’ असते तर मात्र पहिला हक्क त्यांचा होता, बहिणीचा नाही. सगळा फरक त्या एका शब्दाचा आहे.

फ्लॅटवाल्यांचंही ऐका. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. जोडीदार कायद्याने ‘मित्र’ असेल तर पूर्ण दराने, म्हणजे मुंबईतल्या घरावर काही लाख. शिवाय नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात पन्नास हजारांवर भेट मिळाली तर घेणाऱ्याला त्यावर प्राप्तिकर. नवरा-बायकोला तो नाही.

एक मुद्दा मात्र अप्पांच्या बाजूचा आहे आणि तो गंभीर आहे. विशेष विवाह कायद्यात नुसतं ‘पती’, ‘पत्नी’ खोडून ‘जोडीदार’ लिहिलं तर पोटगीसारख्या, बायकांच्या संरक्षणासाठी केलेल्या तरतुदींचा अर्थ ढिला पडू शकतो. न्या. भट यांनी निकालात हेच म्हटलंय. ते काम संसदेने बसून नीट करायचं आहे. थायलंडनेही संसदेतच केलं.

पार्ल्याचा अप्पा

पागडीचं मला माहीत नव्हतं. मान्य. पण मग भाडे कायद्यातली ‘कुटुंबा’ची व्याख्या बदला. घराला कुलूप बसत नाही म्हणून अख्खी भिंत पाडायची का?

बापमाणूस ठाणे

मी इथे फारसा लिहीत नाही. अप्पा म्हणतात तसंच मीही म्हणायचो, त्यांच्याहून कडक.

माझ्या मुलीचं लग्न २०१४ला झालं. स्थळ चांगलं, मुलगा इंजिनीअर, पत्रिका जुळली, हॉलचं भाडंच दीड लाख. चार वर्षं ती कुढत राहिली. तिला वाटायचं आपल्यातच काही कमी आहे. व्रतं केली, उपास केले, डॉक्टर झाले. शेवटी त्या मुलाने रडत रडत तिला सांगितलं, की त्याला बायकांबद्दल तसं काही वाटतच नाही आणि हे त्याच्या आईवडिलांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून त्यांनी आमच्या पोरीला पुढे केलं.

मी त्या मुलाला मारायला निघालो होतो. मुलीनेच अडवलं. म्हणाली, ‘बाबा, त्याला दुसरी वाट कुठे होती?’

घटस्फोट झाला. ती आता नोकरी करते, ठीक आहे. पण तिची सव्वीस ते तीस ही चार वर्षं मला कुणी परत देणार नाही. अप्पा, तुम्ही लग्नाच्या पावित्र्याचं म्हणता. माझ्या मांडवात सप्तपदी झाली होती, कुलदैवताची पत्रिका आधी ठेवली होती. सगळं विधिवत होतं आणि सगळं खोटं होतं. हा कायदा मला त्या मुलासाठी नको आहे, माझ्या मुलीसारख्या मुलींसाठी हवा आहे.

चौथी सीट

मी स्वतः गे आहे, विरारला राहतो आणि मला लग्नाचा कायदा नकोय. दचकू नका.

आमच्यातले ज्यांचे फ्लॅट आहेत, ज्यांचे आईवडील हार घेऊन उभे राहणार आहेत, त्यांना लग्न हवंय. ठीक. पण मी एकोणिसाव्या वर्षी घरातून हाकलला गेलो. ज्या तीन मित्रांनी नालासोपाऱ्याच्या खोलीत मला ठेवून घेतलं, टायफॉइडमध्ये पेज भरवली, त्यातल्या कुणाशीही मला लग्न करायचं नाही. ते माझे घरचे आहेत. उद्या मला काही झालं तर फोन जाणार माझ्या बापाला, ज्याने दहा वर्षं माझं तोंड पाहिलेलं नाही. २०२३च्या खटल्यात हाही मुद्दा मांडला होता, की माणसाने स्वतः निवडलेल्या कुटुंबाला मान्यता द्या. तो बातम्यांत आलाच नाही. सगळे कॅमेरे वरमालांवर.

लग्न या संस्थेने जात टिकवली, हुंडा टिकवला, बायकांना कोंडलं. त्या रांगेत आम्ही का उभं राहायचं? अप्पांचा आणि माझा निष्कर्ष एकच, फक्त कारणं उलटी.

भांडुपची आई

चौथी सीट, बाळा, तुझं वाचून पोटात तुटलं. पण तुला नको म्हणून दुसऱ्याला मिळू नये, असं म्हणू नकोस. माझी मुलगी आणि तिची जोडीदार सहा वर्षं एकत्र आहेत. दोघींना मूल हवंय. दत्तकाच्या नियमांत जोडप्याला दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो आणि जोडपं म्हणजे लग्न झालेलंच. म्हणजे दोघींपैकी एकीने ‘एकटी बाई’ म्हणून अर्ज करायचा. मूल एकीचं होणार. उद्या ती गेली तर दुसरी त्या मुलाची कोण? हा प्रश्न माझी मुलगी मला विचारते, मी काय सांगू?

लग्नात हुंडा आहे म्हणून मी तिच्या भावाचं लग्न थांबवलं नाही. बिनहुंड्याचं लावलं.

पार्ल्याचा अप्पा

बापमाणूस, तुमच्यापुढे मी काय बोलणार. फसवून लग्न लावणाऱ्यांना माफी नाही.

तरी एक विचारतो, रागावू नका. समाज तयार नसताना कायदा आणला तर तो कागदावरच राहतो. हुंडाबंदी १९६१ची आहे, काय झालं तिचं?

मुगभाटकर

अप्पा, समाज तयार होईपर्यंत थांबलो असतो तर आपल्याकडच्या बायकांचं काय झालं असतं? विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा. महर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ला, म्हणजे सदतीस वर्षांनी, आणि तरीही मुरुडला त्यांना वाळीत टाकलं. समाज तेव्हाही तयार नव्हता. पण कायदा होता, म्हणून ते लग्न लग्न होतं. संमतिवयाच्या वादात १८९१ला ‘धर्मात ढवळाढवळ नको’ म्हणणारी माणसं काही लहानसहान नव्हती, आणि त्यांचा युक्तिवाद जवळजवळ तुमच्याच शब्दांत होता.

सनद

सध्या जे मिळालंय तेही सांगतो. निकालानंतर केंद्राने कॅबिनेट सचिवांची समिती नेमली. ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यावा, असं आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं. आणि रेशनकार्डासाठी दोघांना एकाच घरातलं समजावं, अशीही सूचना गेली. ही पत्रं आहेत, कायदा नव्हे. पण मुगभाटकर ताईंच्या काकांना एवढंही नव्हतं.

चौथी सीट

रेशनकार्ड तर मोठी गोष्ट आहे. राहत असल्याचा तोच पुरावा धरतात. ताई, काकांचं नाव मामांच्या कार्डावर नव्हतं का? असतं तर त्यांना भांडता आलं असतं. निदान कोर्टात उभं राहता आलं असतं.

मुगभाटकर

होतं.

१९८८ला मामाने घातलं होतं. ‘नाते’ या रकान्यात कारकुनाला काय लिहायचं कळेना, म्हणून त्याने ‘चुलतभाऊ’ लिहिलं. आडनावं वेगळी, जाती वेगळ्या, तरी चुलतभाऊ. मामा ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत.

मामा गेल्यावर वकिलाने आईला सांगितलं, की खोली तुमच्या नावावर करायची तर त्या कार्डावर दुसरं कुणी दिसता कामा नये. नाव कमी करायचा फॉर्म आणला. आईला लिहिता येत नव्हतं, भावाचं अक्षर वाईट, म्हणून मी भरला. ‘नाव कमी करण्याचे कारण’ यापुढे मी लिहिलं, ‘गावी कायमचे स्थलांतर’. काका तेव्हा समोरच बसले होते, अजून गेलेही नव्हते. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सगळं वाचलं, मला विचारलं, ‘सही कुठे करू?’ मी बोट ठेवलं.