मदत हवी आहे: जुन्या लष्करी रायफलींसाठी गोळी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) किती खोल बसवावी?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच आकड्यापाशी अडकलोय. जाणकारांना विचारल्याशिवाय आता एकही काडतूस भरायचं नाही असं ठरवून हा धागा काढतोय.

माझ्याकडे दोन जुन्या लष्करी रायफली आहेत, दोन्ही रीतसर परवान्यावर. एक ली-एनफील्ड नंबर ४ (.३०३) आणि दुसरी स्विस के३१ (७.५×५५). दोन्हींची काडतुसं मी स्वतः भरतो. पुंगळ्या साफ करणं, मान (गोळी धरून ठेवणारा पुंगळीचा तोंडाकडचा भाग) साइझ करणं, म्हणजे दाबून मापात आणणं, लांबी कापणं, पावडर तोलणं, इथवर हात बसला आहे. घोडं अडलंय ते गोळी बसवताना.

आधुनिक टार्गेट रायफलवाल्यांचा सल्ला सगळीकडे एकच मिळतो: नळीतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) जिथे सुरू होतात तिथपासून गोळी २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर मागे ठेवा. आट्यांना भिडण्याआधीची गोळीची मोकळी धाव, म्हणजे 'उडी', जितकी लहान तितका ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) लहान. म्हणून मी आधी आटे कुठे सुरू होतात ते मोजलं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, बोल्ट लावून बंद केला, नळीच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉड आत घालून बोल्टच्या तोंडाला टेकवला आणि रॉडवर नळीच्या तोंडाशी खूण केली. मग बोल्ट काढला, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात) नुसती गोळी सोडली, मागून पेन्सिलीने अलगद दाबून धरली आणि रॉड तिच्या टोकाला टेकवून दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे गोळी आट्यांना जेमतेम टेकलेली असताना काडतुसाची एकूण लांबी. प्रत्येक गोळीला पाच वेळा मोजून सरासरी घेतली.

ली-एनफील्डमध्ये १७४ ग्रेन वजनाच्या बोटटेल (निमुळत्या बुडाच्या) गोळीला ही लांबी ८१.९ मिमी आली. मॅन्युअलमध्ये .३०३ ची कमाल लांबी ७८.१ मिमी दिली आहे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे भरलं तर गोळी आट्यांना भिडण्याआधी जवळजवळ चार मिलिमीटर मोकळी धावणार! उलट आट्यांपर्यंत पोचायचं म्हटलं तर ३१.५ मिमीच्या गोळीचा फक्त ५.८ मिमी भाग पुंगळीत राहतो आणि त्यातला साडेतीन मिमी मागचा निमुळता भाग. मानेच्या पकडीत उरतात सव्वादोन मिलिमीटर. अशी गोळी बोटाने दाबली तरी वाकडी होते. शिवाय ७८.८ च्या पुढे काडतूस माझ्या मॅगझीनमध्येच मावत नाही.

के३१ चं बरोबर उलटं. तिथे मूळ लष्करी जीपी११ काडतुसाची लांबी ७७.७ मिमी, पण माझ्या १६८ ग्रेनच्या मॅच गोळीला आटे ७३.१ मिमीवरच लागतात. पुस्तकातल्या लांबीने एक डमी काडतूस बनवलं (पावडर नाही, प्रायमर नाही), तर बोल्ट पूर्ण बंदच होईना. जोर केला नाही, बाहेर काढलं. गोळीवर आट्यांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

आता माझ्यासमोर चार आकडे आहेत: पुस्तकाचा, मूळ लष्करी काडतुसाचा, आट्यांचा आणि मॅगझीनचा. यातला कोणता मानायचा? आणि एनफील्डची चार मिमीची उडी हा खरंच दोष आहे, की मीच उगाच तिच्या मागे लागलोय? .३०३ चे ग्रुप सध्या १०० मीटरवर ११० मिमीच्या आसपास येतात, पाच गोळ्यांचे.

प्रतिसाद १

मापं घेऊन, आकड्यांसकट प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं.

आधी हे लक्षात घ्या की ही रायफल कशासाठी बनली. कुठल्याही कारखान्याचं काडतूस, चिखलात, थंडीत, घाण झालेल्या चेंबरमध्येसुद्धा गेलंच पाहिजे आणि बोल्ट बंद झालाच पाहिजे. म्हणून चेंबर ऐसपैस ठेवलं आणि आट्यांच्या आधी मोकळी जागा राखली. मूळ मार्क ७ गोळीसुद्धा (१९१०, १७४ ग्रेन, सपाट बूड) या रायफलींमध्ये आट्यांना टेकून बसत नव्हती. उडी तिच्या रचनेतच आहे.

त्यावर झीज. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये (त्या काळच्या ब्रिटिश पावडरीत) ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. त्याची आच इतकी की चेंबरच्या पुढचा गळा जळत जायचा, म्हणून पुढे कॉर्डाइट एमडीमध्ये ते ३० टक्क्यांवर आणलं. शिवाय जुन्या प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचे क्षार नळीत राहायचे आणि कोणी नीट धुतली नाही तर गंज लागायचा. तुमच्या रायफलीत काय काय झडलंय कोण जाणे, पण चार मिमी हा आकडा ऐकून मला धक्का बसला नाही.

माझा क्रम असा आहे. पहिलं मॅगझीन, कारण त्यात न मावणारं काडतूस या रायफलीत निरर्थक. मग मानेची पकड, जमेल तितकी गोळीच्या व्यासाएवढी, म्हणजे .३०३ ला सुमारे ८ मिमी. पुस्तकातली कमाल लांबी ओलांडायची नाही. आटे सगळ्यात शेवटी. तुमच्या एनफील्डमध्ये आट्यांपर्यंत पोचताच येत नाही, तर तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि विसरा.

आता खरा मुद्दा. ११० मिमीचा दोष मी उडीवर टाकणार नाही. तुमच्या नळीचा खाचांमधला व्यास किती आहे? युद्धकाळातल्या .३०३ नळ्यांमध्ये तो .३११ इंचापासून पार .३१६ पर्यंत सापडतो. गोळी सैल असेल तर ती कितीही पुढे बसवा, वायू बाजूने निसटणारच, आणि निमुळत्या बुडाची गोळी तर त्याला वाटच करून देते. आधी शिशाची गुल्ली नळीतून ठोकत बाहेर काढा, तिच्यावर नळीचा ठसा उमटतो, तो मोजा. खोलीचं त्यानंतर बघू.

प्रतिसाद २

वर लिहिलंय त्याच्याशी सहमत. मोजणीबद्दल एक भर घालते.

.३०३ च्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड आहे आणि काडतूस चेंबरमध्ये त्या कडेवर अडतं. तुम्ही बोल्टच्या तोंडापासून मोजलंत, पण कडेची जाडी आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे कडेसाठी असलेली जागा) यात फरक असतो. नंबर ४ चा हेडस्पेस .०६४ ते .०७४ इंच आणि कड बहुधा त्याहून पातळ. फायरिंग पिनने ठोकलं की काडतूस तेवढं पुढे सरकतं. म्हणजे तुमची खरी उडी मोजलेल्यापेक्षा पाच-दहा थाऊ कमी. चार मिमीपुढे हे किरकोळ, पण तुमच्या दुसऱ्या रायफलीसारखी तंग जागा असलेल्या एखाद्या कडेच्या काडतुसात हाच फरक गोळी आट्यांवर नेऊन ठेवतो.

यावरून आठवलं, .३०३ च्या पुंगळ्या पूर्ण साइझ करता की फक्त मान? फक्त मान साइझ केली तर त्याच रायफलीत एकदा झाडलेली पुंगळी खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) टेकते, पुढे सरकत नाही. एनफील्डचे लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) बोल्टच्या मागच्या बाजूला असल्याने दाब आला की पुंगळी ताणली जाते आणि दर वेळी खांदा मागे ढकलत राहिलात तर बुडाच्या थोडं वर ती तुटते. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवून बघा, खाच लागली तर ती पुंगळी फेकून द्या. गोळीच्या खोलीपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

प्रतिसाद ३

स्वीडिश माऊझर (६.५×५५) वापरतो. तिचा गळा मूळ १५६ ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या गोळीसाठी कापलेला. स्वीडिश सैन्याने १९४१ मध्ये १३९ ग्रेनची टोकदार गोळी घेतली, गळा तोच राहिला. मी १४० ग्रेनची गोळी भरतो, उडी भरपूर आहे, तरी माझ्याकडच्या सगळ्या रायफलींमध्ये तीच सरस मारते. उडी मोठी असणं हा आजार नाही, उडी प्रत्येक काडतुसात सारखी नसणं हा आजार.

मूळ लेखक

तिघांचे मनापासून आभार. तारेने सगळ्या पुंगळ्या तपासल्या, चार बाद झाल्या. पूर्ण साइझ करत होतो, ते आजपासून बंद.

गुल्ली काढली. पण माझ्या नळीला पाच आटे आहेत. खाचेसमोर खाच येतच नाही, समोर उंचवटा येतो. कॅलिपर लावायचा कुठे?

प्रतिसाद १

पाच आट्यांची सगळ्यांनाच पडणारी अडचण. पातळ पितळी पट्टी गुल्लीभोवती एकदा घट्ट गुंडाळा, तिची टोकं एकमेकांवर येऊ देऊ नका. मग मायक्रोमीटरने बाहेरचा व्यास मोजा आणि पट्टीच्या जाडीची दुप्पट वजा करा. चार-पाच जागी मोजा. व्ही आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर कोणाकडे मिळाला तर उत्तमच. गुल्ली मऊ शुद्ध शिशाचीच हवी, नळीला आधी तेलाचा हात द्या आणि ठोकायला पितळी रॉड घ्या, लाकडी नको. लाकूड आत फाटून अडकतं.

प्रतिसाद ४

के३१ बद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते तुमचा अवघड प्रश्न तोच आहे, एनफील्डचा नव्हे.

के३१ चा गळा अगदी आखूड. तो जीपी११ च्या ११.३ ग्रॅमच्या लांब, हळूहळू निमुळत्या होत जाणाऱ्या नाकाला जुळवून कापला आहे. तुमच्या मॅच गोळीचं नाक लवकर फुगतं, पूर्ण व्यास पुढे येतो, म्हणून ती साडेचार मिमी आधीच अडते. गोळी बदलली की हा आकडा बदलतो. इथे टोकापासून मोजलेल्या लांबीवर विसंबू नका. उघड्या टोकाच्या मॅच गोळ्यांची टोकं एकाच डब्यात कमीजास्त असतात. कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं भोकाचं जोडसाधन) घ्या आणि पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या फुगवट्यापर्यंत मोजा.

आट्यांना टेकवून भरू नका. टेकलेल्या गोळीला सुरुवातीची मोकळी धाव मिळत नाही आणि दाब चढतो. त्यात ही सरळ ओढीची रायफल. फिरवून बंद होणाऱ्या बोल्टसारखा जोर तिच्यात नाही, तंग काडतूस बसवतानाही त्रास आणि काढतानाही. न झाडलेलं काडतूस ओढलंत आणि गोळी आट्यांत अडकून राहिली, तर पावडर सगळ्या ॲक्शनमध्ये सांडते. निदान अर्धा मिमी मागे या, म्हणजे ७२.६ किंवा कमी.

मात्र लक्षात ठेवा, गोळी पुस्तकातल्यापेक्षा खोल गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब त्यानेही वाढतो. म्हणून त्या गोळीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या सर्वात कमी पावडरीपासून नव्याने सुरुवात करा. आधीच्या लांबीवर जमवलेलं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. ही विनंती नाही, हा आग्रह आहे.

प्रतिसाद २

एनफील्डसाठी अजून एक: मॅगझीन पूर्ण भरा, खालच्या काडतुसाची लांबी आधी मोजून ठेवा आणि वरची झाडून झाल्यावर ते पुन्हा मोजा. धक्क्याने गोळी आत सरकली असेल तर मानेची पकड कमी पडतेय.

मूळ लेखक

दोन आठवड्यांनी परत येतोय, सगळं करून.

गुल्लीचा व्यास .३१४५ इंच आला. मी .३११ ची निमुळत्या बुडाची गोळी वापरत होतो, म्हणजे साडेतीन थाऊ सैल! .३१२ ची सपाट बुडाची १७४ ग्रेनची गोळी आणली, पावडर मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून पुन्हा चढवत नेली. ७८.१ मिमीवर ती पूर्ण मानेत धरली जाते. मग खोली बदलून पाहिली: ७७.१, ७७.६ आणि ७८.१, प्रत्येकी पाच गोळ्यांचे तीन ग्रुप. तिन्ही लांबींचे ग्रुप ६० ते ७५ मिमीच्या दरम्यान, एकमेकांत मिसळलेले. कोणता कोणत्या लांबीचा ते कागद बघून मला सांगता येणार नाही. ज्या आकड्यासाठी झोप घालवली त्याने काही बदललं नाही, फरक पडला तो गोळीच्या व्यासाने आणि बुडाने. ७८.१ वर थांबलोय. मॅगझीनमधल्या खालच्या काडतुसाची लांबी नऊ गोळ्या झाडूनही तीच राहिली.

के३१ मध्ये मात्र खोलीला किंमत आहे. कंपॅरेटरने मोजून आट्यांपासून अर्धा, एक आणि दीड मिमी मागे अशा तीन जागा घेतल्या, तिन्ही वेळा पावडर खालून सुरू केली. एक मिमीवर ग्रुप सर्वात लहान आला, १०० मीटरवर ३८ मिमी, आणि दुसऱ्या दिवशीही तोच. अर्ध्या मिमीवर बोल्ट बंद करताना एक-दोन वेळा किंचित अडल्यासारखं वाटलं, म्हणून ग्रुप बरा असूनही तो सोडून दिला.

दोन्ही लांबींची एकेक डमी बनवली आहे. पुंगळीला बाजूने आरपार भोक पाडलंय म्हणजे खऱ्या काडतुसात कधी मिसळणार नाही. डाय (गोळी बसवायचा साचा) परत लावताना आता वहीऐवजी तीच वापरतो. गोळीचा नवा डबा उघडला की के३१ साठी पुन्हा मोजायचं, हे तिच्या डब्यावर चिकटवून ठेवलं आहे.