३०४ च्या सरांचा कॉम्प्युटर चालू राहत नाही

३०४ सर, सकाळी ७:५२
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवर घरचं काम टाकतोय, राग मानू नका. माझा जुना डेस्कटॉप परवापासून चालू राहत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि पडद्यावर काही दिसेपर्यंत सगळं गप्प. परत दाबलं तर कधी लगेच सुरू होतो, कधी दोन-चार वेळा दाबावं लागतं. २००७ साली घेतलेला आहे. त्यात माझ्या बोलीशब्दांच्या नोंदी आहेत, अकरा हजारांच्या वर. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

१०१ दादा, ८:०५
सर, एवढ्या जुन्या मशीनवर आता वेळ घालवू नका. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू, नोंदी मिळतील.

३०४ सर, ८:११
फाइली मिळतील, पण वाचता येणार नाहीत. सगळं युनिकोडच्या (आता सगळीकडे चालते ती अक्षरांची पद्धत) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलंय. मुलाच्या लॅपटॉपवर एक फाइल उघडून पाहिली होती. 'उंबरठा'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टोप्या-टिंबं दिसली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडतात ते मागे डोंगल (परवान्याची छोटी डबी) लावल्याशिवाय चालत नाही, आणि डोंगल बसतं प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात. ते पोर्ट आता नव्या मशीनवर सहसा नसतं. म्हणून हेच मशीन निदान एकदा तरी चालायला हवं.

२०२ काकू, ८:२०
आमच्याकडे असंच व्हायचं. रॅम काढून पट्टीची पिवळी टोकं खोडरबराने हलक्या हाताने घासायची आणि परत लावायची. लगेच चालायचा.

४०३ काका, ८:२४
विंडोज उडालं असेल. नवीन टाकावं लागेल.

१०१ दादा, ८:२६
एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेलाय, दुसरं काही नाही. माझ्याकडे एक चांगला पडून आहे, ऑफिसला जायच्या आधी आणून लावतो.

५०२ ताई, ८:३१
सर, मी कामावर निघालेय, संध्याकाळपर्यंत यायला जमणार नाही. पण विंडोज पुन्हा टाकू नका, कृपया. विंडोज सुरू व्हायच्या आधीच वीज जातेय, त्यात विंडोजचा काय दोष? नव्याने टाकताना चुकून डिस्क फॉरमॅट झाली तर नोंदी गेल्या.
काकू, रॅमचं तुमचं बरोबर आहे, पण रॅम खराब असली की बहुतेक वेळा पंखे फिरत राहतात, पडदा काळा राहतो, बीप वाजतात. इथे अख्खं मशीन बंद होतंय.

१०१ दादा, ९:०२
एसएमपीएस बदलून पाहिला. २४ पिनचा मोठा आणि प्रोसेसरजवळचा चार पिनचा, दोन्ही कनेक्टर नीट बसवले. तसंच होतंय. म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेला. सॉरी सर.

३०४ सर, ९:०४
तुम्ही एवढं केलंत, सॉरी कशाला.

५०२ ताई, ९:१०
थांबा, मदरबोर्ड इतक्यात मोडीत काढू नका. आणि दादा, सरांचा जुना एसएमपीएस उघडून बघू नका हं. २३० व्होल्टचं आत डीसी होतं तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात, वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

सर, एक काम करा. घड्याळ घेऊन बसा. बटण दाबल्यापासून बंद होईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. एकदा नाही, सात-आठ वेळा, मधे मधे दहा मिनिटं थंड होऊ देऊन. आणि कागदावर लिहा. 'लगेच बंद होतो' यावरून काही ठरवता येत नाही, आकडा लागतो.

४०३ काका, ९:१५
सेकंद मोजून काय कळणार?

५०२ ताई, ९:२३
काका, जवळजवळ सगळंच. पंखा जेमतेम अर्धा वेढा फिरून टक्‌ करून थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. कॅबिनेटचा एखादा स्क्रू बोर्डाखाली निसटून पडला तरी असं होतं. पहिल्यांदा पाच मिनिटं चालला, लगेच परत लावला तर दोन मिनिटं, मग अर्धं मिनिट, असं कमी कमी होत गेलं तर प्रोसेसर तापतोय. काहीच ताळमेळ नसेल, टेबलाला धक्का लागला तरी बंद होत असेल, तर सैल वायर किंवा फुगलेले कपॅसिटर. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतल्या कितीतरी बोर्डांवर वाईट कपॅसिटर होते, त्यांची वरची सपाट टोपी फुगून वर येते किंवा तपकिरी चिकट गळतं. आणि दर वेळी अगदी सारखाच वेळ लागत असेल तर त्याची गोष्टच वेगळी. आधी आकडे येऊ देत.

३०२ काकू, ९:४०
मध्येच लिहितेय, टाकी धुणार असल्याने उद्या १० ते १२ पाणी नाही. सर, तुमचं चालू द्या.

३०४ सर, ११:१८
लिहून घेतलं. ४, ५, ४, ४, ५, ४, ४. शेवटचे दोन पाऊण तास थांबून. सकाळी अगदी थंड असताना आणि आता, फरक नाही. कपॅसिटर टॉर्च मारून पाहिले, सगळ्यांच्या टोप्या सपाट आहेत.

५०२ ताई, ११:२१
सर!! बटण दाबल्यावर ते पूर्ण बाहेर येतं का? बोटाला नीट जाणवतं का? सावकाश दाबून पाहा.

३०४ सर, ११:२६
तू विचारलंस म्हणून नीट पाहिलं. पूर्वी टक्‌ असा आवाज यायचा, आता येत नाही. आत जातं आणि कडेला थोडं तिरकं होऊन तसंच राहतं. मग हळूहळू वर येतं. मला वाटलं वयाने असं झालं असेल.

५०२ ताई, ११:३३
मग एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोघेही सुटले. कॉम्प्युटर अडकला की आपण बटण दाबून धरतो आणि तो बंद होतो ना? तो नियम मदरबोर्डमध्येच आहे. बटण सलग चार सेकंद दाबलेलं राहिलं की वीज तोडायची. तुम्ही बोट काढता, पण बटण आत अडकून राहतं. बोर्डाला वाटतं तुम्ही दाबूनच धरलंय, म्हणून चार सेकंद मोजून तो बंद होतो. त्याला सांगितलंय तसंच तो वागतोय. आणि परत सुरू करताना दोन-चार वेळा दाबावं लागतं तेही त्यामुळेच, आधीचं दाबणं सुटल्याशिवाय पुढचं त्याला कळत नाही.

१०१ दादा, ११:४०
आणि मी एसएमपीएस बदलला तरी बटण तेच! ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं.

३०४ सर, ११:४२
आता काय करू? नवीन बटण आणावं लागेल का?

५०२ ताई, ११:५१
नाही, बटण तुमच्याकडेच आहे. मेन स्विच बंद करून वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. समोरच्या बाजूने बारीक वायरींचा झुबका बोर्डाच्या कोपऱ्यात जातो. प्रत्येकीच्या टोकाला छोटी प्लास्टिकची टोपी, त्यावर नाव कोरलेलं. 'पॉवर एसडब्ल्यू' लिहिलेली शोधा, कुठल्या दोन पिनांवर आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि ती उपसा. मग 'रीसेट एसडब्ल्यू'ची टोपी काढून त्याच दोन पिनांवर लावा. स्विचला प्लस-मायनस नसतं, उलटी लागली तरी चालेल. रीसेटचं छोटं बटण तुम्ही वर्षानुवर्षं दाबलं नसेल, त्यामुळे ते चांगलंच असणार. आता तेच तुमचं चालू करायचं बटण.

३०४ सर, दुपारी १२:३४
चालू आहे. चार सेकंद गेले, दहा गेले, मी मोठ्याने मोजत होतो. विंडोजचं चित्र आलं.

२०२ काकू, १२:३५
वा वा सर!

३०४ सर, १२:४६
पुन्हा बंद पडला. या वेळी नऊ मिनिटांनी.

४०३ काका, १२:४९
अरेरे.

३०४ सर, १२:५८
परत लावला, चार मिनिटं. मग दीड. आता मला कळायला लागलंय. हे कमी कमी होतंय, म्हणजे तापतोय, बरोबर?

५०२ ताई, दुपारी १:१५
अगदी बरोबर सर. आता बंदच ठेवा. नोंदी कॉपी करायच्या मोहात पुन्हा लावू नका, लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल बिघडते. साडेसातला येते.

५०२ ताई, रात्री ९:२७
सगळे विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते. आधी चालू करून लगेच बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) गेलो. तिथे हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. ५८ अंश होतं, आम्ही बघत असतानाच ६७, ७९, ८८. बारा व्होल्टचा आकडा ११.९ होता, ११.४ ते १२.६ मध्ये असला की ठीक. बंद करून आत पाहिलं. धूळ होतीच, पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मधे वाकळीसारखा थर बसला होता. पण खरं कारण वेगळं. या काळातल्या बऱ्याच प्रोसेसरचा हीटसिंक चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक खुंटी उचकटली होती आणि हीटसिंक एका कोपऱ्यात कागद सरकेल इतका वर आला होता. सरांनी गेल्या महिन्यात रंगकामाच्या वेळी कॅबिनेट आडवं करून हलवलं होतं, बहुतेक तेव्हाच.

हीटसिंक काढला. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबल्या. चारही वेळा टक्‌ ऐकू आलं पाहिजे, एकही सुटून चालत नाही. सरांनी स्वतः कान लावून ऐकलं. आता अर्धा तास झालाय, ४६ वर स्थिर आहे.

१०१ दादा, ९:३१
म्हणजे दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी. आणि पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसलाच नसता.

५०२ ताई, ९:३४
हो ना. चार सेकंदांत तापायला वेळच मिळत नव्हता.

३०४ सर, ९:५०
आता कॉपी करतोय, पण नवीन पेनड्राइव्ह ओळखतच नाही.

५०२ ताई, ९:५३
तो ६४ जीबीचा आहे ना? तो बहुतेक एक्सफॅटमध्ये (फाइली साठवायची नवी पद्धत) असेल, तुमच्या विंडोज एक्सपीला ते वेगळं अपडेट टाकल्याशिवाय वाचता येत नाही. १०१ दादांचा जुना ८ जीबीचा घ्या. आणि सर, तीन गोष्टी हव्यात. नोंदींचं फोल्डर. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधल्या तुमच्या फाँटच्या फाइली. आणि मशीन चालतंय तोवर प्रत्येक फाइल प्रिंट करून पीडीएफ. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, ती कुठेही उघडली तरी अक्षरं तशीच दिसतील. पुढे युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं चुकली तर ताडून बघायला तीच लागेल. पीडीएफ पहिली करा, आज रात्रीच.

३०४ सर, रात्री ११:४०
सगळ्या ३८ फाइलींची पीडीएफ झाली. मुलाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, अक्षर अन् अक्षर जागेवर आहे. आज दिवसभर जो शब्द डोक्यात होता त्याची नोंद शोधली. पीडीएफ बघून इथे पुन्हा टाइप करतोय.
कळ (स्त्री.) १. दुखण्याची एकदम येणारी तीव्र लहर. 'पोटात कळ आली.' २. यंत्र चालू-बंद करायची खिट्टी, बटण. 'कळ दाबली की दिवा लागतो.' ३. भांडणाचं निमित्त. 'कळ त्यानेच लावली.'

२०२ काकू, ११:४४
सर, युनिकोडमध्ये बदलल्यावर तपासायला माणसं लागतील. मला मोबाईलवर मराठी टाइप करता येतं, दुपारचे दोन तास रिकामे असतात. 'क'ची पानं माझ्याकडे पाठवा.

४०३ काका, ११:४६
'ख' आणि 'ग' मी घेतो.