उन्हाळ्याची सुट्टी बडोद्यातच : पायी फिरणं, घरचा स्वयंपाक, गच्चीतली बाग. सल्ला हवा

दांडिया_बाजार_तिसरा_मजला
नमस्कार. यंदा मे महिन्यात बाहेरगावी जायचं नाही असं घरात ठरलंय. १० ते ३१ मे बडोद्यातच. शहर पायी बघायचं, दोन्ही वेळचं जेवण घरी, आणि गच्चीत थोडी बाग. माणसं पाच : आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं, सासूबाई (गुडघ्यांमुळे सलग अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही).

गच्ची १० बाय १४ फूट, पश्चिमेला उघडी, दुपारी दोननंतर सरळ ऊन. कुंड्या १२ : मोगरा ४, तुळस २, कढीपत्ता, जास्वंद, आणि चार रिकाम्या. गच्चीच्या नळाला बोअरचं पाणी, महापालिकेचं पाणी खाली सकाळी येतं.

खर्च ५,००० रुपये, किराणा सोडून, बाकी सगळं धरून. कुठून कुठे चालावं, रिकाम्या कुंड्यांत आत्ता काय येईल, आणि ओट्याशी कमीत कमी उभं राहून काय रांधावं, एवढं सांगा.

अलकापुरीकर
मे महिन्यात बडोद्यात पारा ४० च्या वर असतो. मुलांना घेऊन पायी फिरायचा विचार सोडा. सापुताऱ्याला चार दिवस जाऊन या. राहणं-खाणं धरून २० हजारांत होतं.

पायपीट
सापुतारा विचारलेलाच नाही, बजेटही ५ हजार आहे. ताई, तुमचं घर ज्या जागी आहे तिथून अर्धं जुनं शहर पायाखाली येतं. सकाळी ६ ला निघा, ९ ला घरात.

पहिला रस्ता मांडवीचा. सूरसागर तलावाच्या काठाने न्यायमंदिर (जुन्या कोर्टाची इमारत), शेजारी लहरीपुरा दरवाजा, तिथून सरळ पूर्वेला मांडवी, म्हणजे चौकातला जुना कमानींचा मंडप. मांडवीच्या चारही बाजूंनी चार रस्ते फुटतात आणि त्यांच्या टोकांना चार दरवाजे आहेत : पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की जुन्या शहरात ती हरवत नाहीत. चारही दरवाजे एका दिवसात करू नका, दोन सकाळी करा. सकाळी सातच्या आत दुकानं बंद असतात म्हणून लाकडी कोरीवकाम आणि वरचे मजले नीट दिसतात. दहानंतर मंगळबाजारात मान वर करायला जागा नसते.

दुसरा रस्ता काळा घोडा आणि सयाजीबाग. सासूबाईंना इथेच न्या, सावली आणि बाकं दोन्ही आहेत. बाग १८७९ ची, आतल्या संग्रहालयाची इमारत १८९४ ची. विश्वामित्री नदीतली मगर पुलावरूनच बघायची, काठाला उतरायचं नाही. एप्रिल ते जून त्यांचा अंडी राखायचा काळ असतो, मादी अंगावर येते. परतताना कीर्तिमंदिर : गायकवाडांच्या स्मारकाच्या आत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, बडोद्यात राहून ती न बघणं बरं नाही.

तिसरा रस्ता तुमच्या दाराशीच. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत होते (१८९३ ते १९०६), त्यांचं निवासस्थान दांडिया बाजारात. तिथून रावपुऱ्यात तांबेकर वाडा, चार मजली, आत भिंतभर चित्रं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. अशा जागा सकाळी सहाला उघडत नाहीत, म्हणून वाडा आणि सेंट्रल लायब्ररी उघडायच्या वेळी गाठा आणि तडक घरी या. लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. मुलांना ते फार आवडतं.

लक्ष्मीविलास (१८९०) वेगळा ठेवा. सोमवारी बंद असतो, फाटकापासून आत बरंच उघड्यावर चालावं लागतं, आणि पाच तिकिटांत तुमच्या ५ हजारांचा चांगला लचका जाईल. राजा रविवर्म्याची चित्रं आवारातल्या फतेहसिंह संग्रहालयात आहेत, त्याचं तिकीट वेगळं.

मांजलपूर_गच्चीवाला
बागेला एकच उत्तर : टायमर आणि ठिबक. माझ्याकडे ३० कुंड्यांना आहे, ४,५०० चा संच, सकाळी ५:३० ला आपोआप सुरू. डोळे मिटून घ्या.

कुंडीवाली
डोळे उघडून घ्या. एक तर त्यांचं सगळं बजेट तिथेच संपतं. दुसरं, गच्चीच्या टाकीच्या पाण्याला दाब नसतो. दर एक मीटर उंचीला ०.१ बार (बार हे दाबाचं माप), म्हणजे टाकी डोक्यावर दोन मीटर असली तरी ०.२. पडद्याच्या झडपेचे (डायफ्रॅम व्हॉल्व्ह) टायमर एवढ्या दाबावर उघडतच नाहीत किंवा नीट बंद होत नाहीत. घ्यायचाच तर गोळीच्या झडपेचा (बॉल व्हॉल्व्ह) घ्या, तो शून्य दाबावरही चालतो. दाब सांभाळणारे ड्रिपरही (ठिबकची थेंब सोडणारी तोंडं) इथे थेंब सोडत नाहीत, साधे फिरकीचे लागतात. आणि बोअरचा क्षार दोन महिन्यांत त्यांची तोंडं बंद करतो.

१२ कुंड्यांना टायमर कशाला? तुम्ही घरीच आहात. सकाळी ६ च्या आत पाणी, कुंडीच्या बुडातून ओघळेपर्यंत. ८-१० इंचाच्या कुंड्यांना संध्याकाळी सातनंतर पुन्हा. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर दुसरं पाणी नको. दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच ओतू नका, संध्याकाळी ती आपली उभी राहतात. संध्याकाळीही लोंबलेलीच असली तर मुळाशी कोरडं आहे किंवा कुजलंय, दोन्ही तपासा. नळी उन्हात पडलेली असेल तर पहिलं गरम पाणी बादलीत सोडा.

कुंड्या लादीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. लादी तापली की मुळं शिजतात आणि बुडाचं भोकही दबतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

मांजलपूर_गच्चीवाला
माझा टायमर दोन वर्षं व्यवस्थित चालतोय.

वाडीकर
तुमच्याकडे प्रेशर पंप असेल. त्यांच्याकडे नाही.

निझामपुरा_हिरवळ
बोअरचं पाणी देऊच नका. मातीवर पांढरा थर येतो, पानांची टोकं जळतात. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून द्या, फुकट आहे.

कुंडीवाली
आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे त्याच पाण्यातला क्षार आणखी घट्ट केलेला. लादी पुसायला वापरा, कुंडीला नको. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे सकाळी महापालिकेच्या पाण्याच्या दोन बादल्या वर चढवणं. तेवढं जमत नसेल तर बोअरचं द्या, पण आठवड्यातून एकदा चांगल्या पाण्याने कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. पांढरा थर खरवडून फेकायचा, मातीत मिसळायचा नाही.

गोत्री_नर्सरीप्रेमी
हिरवी जाळी लावा. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. ७५ ची लावलीत तर मोगऱ्याला कळ्या धरणार नाहीत, त्याला पाच-सहा तास ऊन हवंच. झाडाच्या शेंड्यापासून निदान दोन-अडीच फूट वर, हवा खेळली पाहिजे. पश्चिमेच्या बाजूने पडद्यासारखी सोडली तर आणखी चांगलं. जाळी घेताना यूव्हीवाली (उन्हात टिकणारी) आहे का ते विचारा. बाजारातल्या एका दुकानाने मला साधी गळ्यात मारली, एका उन्हाळ्यात तिचा भुगा झाला. मे अखेरीला वारा सुटतो, नुसत्या सुतळीने बांधलेली जाळी शेजारच्या गच्चीत जाते. कोपऱ्याला नायलॉनची दोरी आणि मध्ये बांबू.

वाडीकर
जाळी हवीच. ५० टक्क्यांची.

फतेगंज_हौशी
रिकाम्या कुंड्यांत टोमॅटो आणि मिरची लावा, मुलांना मजा येते.

कुंडीवाली
मे महिन्यात नको. दिवसा ३५ च्या वर गेलं की टोमॅटोची फुलं गळतात, मिरचीचीही. झाड वाढतं, फळ धरत नाही, मुलं कंटाळतात. कोथिंबीर, पालकही नको, उगवलेच तर लगेच फुलोऱ्यावर येतात.

आत्ता भेंडी आणि गवार. १२ इंची कुंडीत भेंडीची दोनच रोपं. बी रात्रभर भिजवून बोटाच्या पेराएवढं खोल टोचायचं. फूल ४०-४५ दिवसांनी, म्हणजे १० मेला लावलं तर भेंडी जूनअखेर, सुट्टीत नाही हे मुलांना आधीच सांगा. त्याआधी काही खायचं असेल तर तांदुळजा : बी विरळ पेरून वर मातीची नुसती धूळ, २५ दिवसांत कापणी. तोही १० मेला पेरलात तर जूनच्या सुरुवातीला. चौथ्या कुंडीत मायाळूची फांदी खोचा, ऊन सोसते आणि भजी होतात. माती : चार भाग माती, तीन भाग शेणखत किंवा गांडूळखत, दोन कोकोपीट, एक वाळू, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. वर दोन इंच वाळक्या पानांचं आच्छादन.

मोगऱ्याचा एक बहर संपला की त्या फांद्यांची टोकं दोन पानजोड्यांपर्यंत खुडा, दुसरा बहर येतो. आत्ता कुंडी बदलायची नाही, खोल छाटायचंही नाही. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या धारेने झाडा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, तेही सूर्य मावळल्यावर. उन्हात फवारलं तर पान भाजतं.

सूरसागर_सकाळ
आच्छादनाला रसवाल्याकडची उसाची चिपाडं फुकट मिळतात.

गोत्री_नर्सरीप्रेमी
धुऊन, दोन दिवस वाळवूनच. नाहीतर मुंग्या, आणि मुंग्यांच्या मागे पिठ्या ढेकूण, कारण त्याचा गोड स्राव त्या खातात आणि त्यालाच सांभाळतात.

राजमहल_रोड_काकू
बाग झाली, आता स्वयंपाक. गच्चीला कडक ऊन आहे म्हणताय, मग उन्हातला छुंदो (कैरीच्या किसाचं गोड-तिखट लोणचं) करा. गॅस लागत नाही. खंडेराव मार्केटमागच्या भाजीबाजारात पायी जा, राजापुरी कैरी घ्या, कडक, हिरवीगार, टोचली तर आतून पांढरी. १ किलो कीस, २५ ग्रॅम मीठ, चमचाभर हळद, तीन तास झाकून ठेवा. मग सव्वा किलो साखर. दुसऱ्या दिवशी साखर पूर्ण विरघळली की पातेल्याला मलमल बांधून उन्हात. सकाळ-संध्याकाळ कोरड्या चमच्याने ढवळायचं, रात्री आत आणायचं. ७ ते १० दिवस. बोटाच्या चिमटीत एक तार आली की थांबायचं, मग तिखट आणि भरडलेलं भाजकं जिरं. पातेलं स्टीलचंच. पितळ-ॲल्युमिनियमला आंबट लागलं की चव आणि रंग दोन्ही जातात. छुंदो गरम असतानाच बरणीत भरून झाकण लावू नका, झाकणाला घाम सुटून बुरशी येते. रात्रभर कापडाखाली ठेवून सकाळी भरा.

२० मेच्या आत सुरू करा. जून लागला की ढग येतात.

फतेगंज_हौशी
तोतापुरीचा स्वस्त पडतो. आणि गॅसवर २० मिनिटांत होतो, दहा दिवस कशाला.

राजमहल_रोड_काकू
तोतापुरी गोडसर असते, छुंद्याला आंबट धार येत नाही. गॅसवर तार एकीची दोन व्हायला मिनिट लागत नाही, मग आठ दिवसांत साखर बसते. बसलीच तर लिंबू पिळून पाण्याचा हबका देऊन गरम करा. उन्हातल्याचा कीस पारदर्शक होतो आणि वर्षभर टिकतो.

वाडीकर
छुंदो करा, पण सेवउसळ घरी करायच्या भानगडीत पडू नका. बडोद्यात राहून ती बाहेरच खायची.

पायपीट
घरचं जेवण विचारलंय. घरीही होते : पाव किलो पांढरे वाटाणे ८ तास भिजवून तीन-चार शिट्ट्या, तर्री वेगळी, लसूण आणि तिखट तेलात मंद आचेवर, करपलं तर कडू. शेव वरून, आयत्या वेळी.

वाडीकर
तर्रीचा रंग घरी येत नाही.

राजमहल_रोड_काकू
काश्मिरी मिरची वापरा, येतो.

ताई, ओट्याचं काम सकाळी ९ च्या आत संपवा. एकाच कुकरात खाली वरण, मध्ये भात, वर ताटलीत कैऱ्या : त्याच वाफेत पन्ह्याचा गर होतो, वेगळा गॅस नको. १ वाटी गर, दीड वाटी गूळ, पाव चमचा मीठ, वेलची. गूळ गर कोमट असताना मिसळायचा, आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतं, ग्लासाला दोन चमचे. दुपारी आंब्याची डाळ : हरभरा डाळ चार तास भिजवून भरड, किसलेली कैरी, वर हिंगाची फोडणी. रात्री दहीभात. सकाळचा भात मात्र बाहेर ठेवू नका, या उकाड्यात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

सूरसागर_सकाळ
आणि हो, सकाळी ६ ला निघा, ९ ला घरात या.

दांडिया_बाजार_तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार, विशेषतः कुंडीवाली आणि काकू. घरात वाचून दाखवलं, आता ठरलंय ते असं.

सकाळी फिरणार नाही. सकाळचे ६ ते ९ बागेला आणि ओट्याला हवेत, महापालिकेचं पाणी तेव्हाच येतं आणि ते दोन बादल्या वर चढवायचंय. चालणं संध्याकाळी सहानंतर, रोज एक छोटा तुकडा. तांबेकर वाडा, लायब्ररी आणि कीर्तिमंदिर यांच्यासाठी तीन सकाळी काढू. त्या दिवशी पाणी सासूबाई आणि थोरला बघतील. लक्ष्मीविलास थंडीत.

टायमर नाही, जाळीही नाही. मोगरा आणि भेंडी-गवारीच्या कुंड्या पूर्वेच्या भिंतीला सरकवतो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्या तीनच्या सुमारास येतात. पश्चिमेच्या कठड्याला जुनी जाड चादर, फक्त दोन ते सहा. वाचलेल्या पैशांत मुलांना चालायचे बूट, माती-खत, आणि राजापुरी तीन किलो. छुंदो १२ मेला.

गोत्री_नर्सरीप्रेमी
चादर वारा अडवते, कुंड्यांभोवती उष्मा कोंडतो. जाळीच हवी होती. निदान चादर खालून एक फूट मोकळी सोडा.

पायपीट
संध्याकाळी मांडवीत पाय ठेवायला जागा नसते. सूरसागर आणि राजमहल रोड संध्याकाळी ठेवा, मांडवी रविवारी सकाळी करा.

राजमहल_रोड_काकू
तीन किलो कैरीचा कीस साधारण दोन किलो निघेल. साखर अडीच किलो आणा, आणि पातेली दोन घ्या. एकात भरलं तर थर जाड होतो, ऊन तळापर्यंत पोचत नाही.

दांडिया_बाजार_तिसरा_मजला
दोन पातेली घेते. चादर खालून मोकळी सोडते.