ऑरेंज अलर्ट आणि बेसमेंटमधल्या गाड्या

सचिव: नमस्कार मंडळी. 'रेड अलर्ट, ४८ तास घराबाहेर पडू नका' हा फॉरवर्ड सकाळपासून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर परत परत येतोय. त्यावर तारीखच नाही. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राने आपल्या जिल्ह्याला आज आणि उद्या ऑरेंज दिलाय, विजांच्या कडकडाटासह मुसळधार ते अति मुसळधार. कृपया तोच धरून चला.

ए-३०२: काका, पण बाहेर लख्ख ऊन आहे. कालही इशारा होता, थेंब पडला नाही.

सी-१०४: ऊन आहे म्हणूनच जपायचं. परतीच्या पावसात सकाळी जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर बघता बघता आभाळ भरून येतं. शिवाय इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, पाऊस मात्र ठरावीक पट्ट्यातच कोसळतो. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, कुलाब्याला ७५ च्याही आत. काल आपण सुटलो, इतकंच.

बी-२०२: यलो म्हणजे काही नाही ना? रंगांचा मला नेहमी गोंधळ होतो.

सी-१०४: वहिनी, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. पण मी रंगापेक्षा पुढच्या तीन तासांचा अंदाज जास्त बघतो, घरातले निर्णय त्यावरच होतात. विजेसाठी 'दामिनी' ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे. लोकेशन चालू ठेवा.

डी-४०१: मुलांची मॅच साडेचारला आहे. ठेवायची का?

सी-१०४: आज नको. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरतात. पण मैदानात मोजत बसूच नये. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलो. मुलं आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. पाऊस थांबला की ती लगेच पळतात, खरा धोका तिथे आहे. गच्चीवरचे कपडे भिजू देत, कुणीही आणायला जाऊ नका.

बी-२०२: आणि घरात?

सी-१०४: कडकडाट चालू असताना आंघोळ, भांडी नको. पाइपमधून करंट येऊ शकतो. चार्जरला लावलेला फोन हातात नको, नुसता मोबाइल चालतो.

ए-१०१: गेटवरच्या वॉचमनदादांचं काय? केबिन पत्र्याची, वर ते मोठं झाड. विजा सुरू झाल्या की ते लॉबीत बसतील, असं त्यांना कमिटीनेच सांगा. नाहीतर ड्यूटी सोडली म्हणतील या भीतीने ते हलायचे नाहीत.

सचिव: बरोबर आहे काकू. आत्ताच खाली जाऊन सांगतो, दोन्ही पाळ्यांना.

बी-५०१: माझी गाडी बेसमेंटमध्येच राहू दे. पाणी आलं तर रात्री उतरून काढेन.

सचिव: दादा, हे मात्र अजिबात करू नका. रॅम्पवरून पाणी आत यायला लागलं की बेसमेंट किती लवकर भरेल सांगता येत नाही. वीतभर वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. त्यात मीटर रूम खालीच, पाण्यात करंट उतरला तर दिसणारही नाही. गाडीचा विमा असतो. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या गाड्या वर काढायच्या, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये आणि क्लब हाउसच्या मागे लावा. सहानंतर बेसमेंटचं दार बंद. पाणी शिरलं तर लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करू.

सी-१०४: बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खड्ड्यावरची जाळीही बघायला हवी. पालापाचोळा अडकून फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू करणारा गोळा, वर उचललाच जात नाही, मग पंप सुरू होत नाही.

बी-५०१: ठीक आहे, पाचला काढतो. शेजारच्या आजोबांचीही काढतो, त्यांना रॅम्प जमत नाही.

डी-४०१: ऑफिसमधून येताना रस्त्यावर पाणी असलं तर?

सी-१०४: थांबा तिथेच, उशीर झाला तरी चालेल. गढूळ पाण्याखाली मॅनहोल उघडं असलं तर कळत नाही. आणि पाण्यातून चालावं लागलंच तर घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी २४ ते ७२ तासांत घ्यायची असते. पायाला जखम असेल तर टाळाटाळ नकोच. मनाने गोळी घेऊ नका, गरोदर बायका आणि लहान मुलांचा विचार डॉक्टरच करतील.

ए-३०२: जाळी मी साफ करून घेतो, माळीदादा आहेत आत्ता.

सचिव: छान. तातडीला ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. दोन्ही नंबर लिफ्टशेजारी लावतोय. बेसमेंटमध्ये अजून कुणाची गाडी आहे त्यांनी इथे फ्लॅट नंबर टाका. जे गावाला गेलेत त्यांनी चावी कुणाकडे आहे ते कळवा.

सी-३०३: आमची आहे. चावी सी-३०४ कडे.