नव्या टाकीत गोल्डफिश वर येऊन धापा टाकतायत, पाणी कसं सांभाळू?

विश्रामबाग_टँक (सांगली): टाकी २ × १ × १ फूट, पाणी साधारण ५० लिटर, स्पंज फिल्टर, चार गोल्डफिश. टाकी लावून दोन आठवडे झालेत. पाणी दुधाळ झालंय, मासे वरच तरंगतात, शेपटीत लाल रेघा दिसतात. दुकानातून मिथिलीन ब्ल्यू दिलंय. टाकू का? पाणी नळाचं, कधी बोअरचं.

कृष्णाकाठ: निळं औषध बाजूला ठेवा. ही लक्षणं बहुतेक अमोनियाची आहेत. विष्ठा आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजवर नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. औषधाने बसलेले थोडेफार जिवाणूही मरतील आणि विष आणखी वाढेल.

आजच २५ लिटर पाणी काढा. नवं पाणी बादलीत घेऊन अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घाला, हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागलं की हळूहळू ओता. दोन दिवस दाणा पूर्ण बंद. गोल्डफिशला उपासाने काही होत नाही. एअर पंप चोवीस तास चालू. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू जातात. हवा अडत असेल तरच काढलेल्या टाकीच्या पाण्यात एकदा पिळा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरलेला स्पंज ओलाच आणून आत टाका. याच्याइतका लवकर गुण कशानेच येत नाही.

दुधाळपणा जिवाणूंचाच आहे, आपोआप जातो. त्यासाठी वेगळं काही घालू नका.

विश्रामबाग_टँक: टेस्ट किटवर लिटरला अमोनिया २ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.५ मिलिग्रॅम, पीएच ८ आला.

मिरज_अ‍ॅक्वा: पीएच ८ आहे म्हणून जास्त जपा. २७ अंशांना त्या २ पैकी सुमारे ०.१२ मिलिग्रॅम घातक रूपात असतो. पीएच ७ असता तर त्याच्या दहावा भागच असता. पण पीएच उतरवायचं औषध नको, एकदम उतार-चढाव माशांना सोसत नाही. अमोनिया ०.२५ च्या खाली येईपर्यंत रोज १५ ते २० लिटर बदला.

जिवाणू अमोनिया पचवताना नायट्राइट बनतं. त्याने कल्ले तपकिरी पडतात, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. त्यावर खडे मीठ: लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीनदा विभागून. पुढे १५ लिटर बदलले तर १५ ग्रॅमच घाला. मीठ उडून जात नाही, फक्त काढलेल्या पाण्यासोबत जातं.

बोअरचं पाणी रात्रभर एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवल्याशिवाय नको. ऊसपट्ट्यातल्या बोअरला क्षार आणि नायट्रेट दोन्ही जास्त असू शकतात, आधी तपासा. नळ आणि बोअर असं आलटून-पालटून तर मुळीच नको.

कृष्णाकाठ: लाइट गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. आणि चारपैकी दोन मासे मोठ्या टाकीत हलवा, ५० लिटरमध्ये चार गोल्डफिश कायमचे मावणार नाहीत.