घटना शिकून नाशकात काय दिवे लावणार?

सिन्नरफाटा (धागाकर्ती):
एलएलबीच्या धाग्यावर काल 'जुना वकील' यांनी सल्ला दिला: घटना पास होण्यापुरती वाचा, नाशिकच्या कोर्टात तिचं काम पडत नाही. रिट, म्हणजे घटनेखालचा थेट हायकोर्टातला अर्ज, टाकायची तर पक्षकाराला मुंबईलाच धाडावं लागतं, त्यापेक्षा सीपीसी, म्हणजे दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती, आणि सातबारा शिका. वर भराभर लाइक. तिथेच उत्तर द्यायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढला.

मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे केशवानंद भारती खटला एका तासात उरकला. १९७३, १३ न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, चला पुढे. त्याआधी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्ट काय म्हणालं होतं आणि संसदेने चिडून कुठल्या दुरुस्त्या केल्या, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. अख्खा वर्ग गाइडवर पास. म्हणजे शिकवणं भिकार आहे हे मान्य. पण म्हणून विषयच टाकाऊ?

आणि काका, तुमची सीआरपीसी, फौजदारी कार्यपद्धतीचा जुना कायदा, कुठे गेली? १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला आणि कलमांचे सगळे आकडे बदलले. ४८२ म्हटलं की हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, हे तुम्हाला झोपेतही येत असेल. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. घटनेतला अनुच्छेद २१, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, मात्र जागचा हललेला नाही.

जुना वकील:
बाळा, लाइक मी मागितले नव्हते. सव्वीस वर्षं काळा कोट घालतोय. जेएमएफसीपुढे, म्हणजे खालच्या मॅजिस्ट्रेटपुढे, २२६ चा, हायकोर्टाच्या रिटच्या अनुच्छेदाचा, उच्चार एकदाही करावा लागला नाही. पक्षकार विचारतो, पुढची तारीख कधी आणि मोजणी कधी. त्याला मूलभूत चौकट सांगू?
तुझ्या केशवानंदांचंच बघ. मठाच्या जमिनीसाठी कोर्टात गेले. केरळचे जमीन कायदे नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टापासून कवच देणाऱ्या यादीत, टाकणारी २९वी दुरुस्ती कोर्टाने कायम ठेवली. तत्त्व देशाला मिळालं, स्वामींच्या हाती काय? हा प्रश्न पक्षकार पहिला विचारतो.

सिन्नरफाटा:
'बाळा' म्हणू नका. मी तुम्हाला काका म्हटलं ते वयाला मान म्हणून, लाडात येऊन नाही.

रिमांड_ड्युटी:
काका, २२६ राहू द्या, २२(१), अटकेची कारणं सांगायलाच हवीत म्हणणारा अनुच्छेद, तरी उच्चारलात का? मागच्या वर्षी एका पोराला रात्री उचललं. ठाण्याचं नाव घेत नाही. अटकेची कारणं त्याला सांगितल्याची कागदावर एक ओळ नाही. मी सकाळी रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभी राहिले आणि विहान कुमारचा निकाल पुढे केला. सुप्रीम कोर्ट, फेब्रुवारी २०२५. कारणं कळवली नसतील तर अटकच बेकायदा, आणि ती खात्री मॅजिस्ट्रेटने करायची. साहेबांनी दोनदा वाचला. पोरगा संध्याकाळी घरी. हे सीबीएसजवळच्या आपल्याच कोर्टात झालं, मुंबईला कुणी गेलं नाही.

कसमादे_एक्सप्रेस:
मुंबईचा विषय निघालाच आहे तर, कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं. आम्ही मात्र अजून पहाटेची गाडी पकडून फोर्टात तारखेला जातो आणि कळतं, त्या दिवशीच्या बोर्डावर आपलं मॅटर पोचलंच नाही. नाशिकला काय फक्त कुंभमेळा द्यायचा?

मराठीतच_लिहिणार:
खरा प्रश्न भाषेचा आहे. मी पेपर मराठीतून दिला. अनुच्छेद ३२ वर, सुप्रीम कोर्टातल्या रिटवर, लिहिताना घटनेच्या अधिकृत मराठी प्रतीतले रिटच्या पाच प्रकारांचे शब्द वापरले: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण. तपासणाऱ्याने 'प्राकर्षण'भोवती लाल गोल करून प्रश्नचिन्ह काढलं. सरकारने छापलेला शब्द, आणि शिकवणाऱ्यालाच ठाऊक नाही.

तर्री_कमी:
कारण तो शब्द जगात कुणीच वापरत नाही. प्राकर्षण म्हणजे मला रस्सीखेच वाटली. त्याचं रूढ नाव सर्शिओरारी लिहायला काय होतं?

मराठीतच_लिहिणार:
सर्शिओरारी काय तुमच्या आजीच्या ओव्यांत होतं का? लॅटिन घोकता येतं, मराठीने मात्र दात आंबतात.

तर्री_कमी:
आजीला मध्ये आणायचं कारण नाही. माझी आजी 'स्टे आला' म्हणायची आणि अख्ख्या गावाला कळायचं. तीच मराठी. रिटला प्राधिलेख म्हणणारं तुमचं प्राधिलेख-महादेश मंत्रालयाच्या तळघरातलं.

जुना वकील:
इथे मी मराठीवाल्याच्या बाजूने. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, दावे मराठीत लिहितो. वर गेलं की ३४८ आडवं येतं, सगळं इंग्रजीत. माझे दोन चांगले ज्युनियर त्या एका भीतीने वर गेलेच नाहीत.

सिन्नरफाटा:
३४८? म्हणजे घटनेचा अनुच्छेद ३४८? तोच टाकाऊ विषय का?

जुना वकील:
शब्दात पकडू नकोस.

तर्री_कमी:
आणि 'राज्यघटना' की 'संविधान', तेही आत्ताच ठरवून टाका, म्हणजे हजार प्रतिसाद होतील.

मराठीतच_लिहिणार:
संविधान. अधिकृत प्रतीवर 'भारताचे संविधान' छापलंय. वाचता येत असेल तर बघा.

तर्री_कमी:
मग तुम्ही वर 'घटनेच्या अधिकृत मराठी प्रतीतले' कसं लिहिलंत? आधी स्वतःचं वाचा, मग माझं काढा.

पंचवटी_पार:
तुमची भांडणं चालू द्या. माझे आजोबा काळारामाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी सांगायचे. २ मार्च १९३० ला सुरू झाला, पुढाऱ्यांत दादासाहेब गायकवाड, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ ला बाबासाहेब येवल्यात काय बोलले ते इथे कुणाला सांगायला नको. मग स्वातंत्र्यानंतर अस्पृश्यता बंद करणारा अनुच्छेद १७, आणि २५(२)(ख), ज्याने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थानं सगळ्या हिंदूंना खुली करणारा कायदा करता येतो. माझ्या कॉलेजातून त्या देवळाला रिक्षा दहा मिनिटांत जाते. सरांनी १७ दोन ओळींत सांगितला, २५(२)(ख) वर मंदिरप्रवेशाचा देवरू खटला कर्नाटकातला म्हणून शिकवला, आणि काळारामाचं नावही घेतलं नाही. मी हात वर केला तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.
जुना वकील, तुम्ही म्हणता तेच ते सर म्हणत होते.

जुना वकील:
तुझ्या आजोबांपुढे माझं तोंड चालायचं नाही. एवढंच.
बाकी मुद्द्यावर कायम आहे. पहिल्या पाच वर्षांत पोट दिवाणीवर भरतं, घटनेवर नाही. रिमांडवाल्या बाईंना एखादी केस लागली, त्याचा इथे पोवाडा चाललाय.

रिमांड_ड्युटी:
एखादी नाही, त्यानंतर आणखी दोन. एकात हरले, तेही लिहिते. कारणं लेखी दिलेली होती, पोराची सही होती. तरी मुद्दा मांडायचा ठाऊक हवा ना?

कसमादे_एक्सप्रेस:
बेंचचं कुणीच बोलणार नाही म्हणजे.

जुना वकील:
बाई, त्या विहान कुमारचं पूर्ण सायटेशन टाका. सोमवारी एक रिमांड आहे. मी हरलो असा अर्थ कुणी काढू नये.

रिमांड_ड्युटी:
व्यक्तिगत निरोपात पाठवते. मुद्देसूद खुणा करून.

मराठीतच_लिहिणार:
काका, सायटेशनला मराठीत काय म्हणता?

जुना वकील:
सायटेशन.