पक्षपात की भेदभाव?

कर्मचारी-नियमावलीचा मराठी अनुवाद करते आहे. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांचा गोषवारा त्यात आहे. आधीच्या मसुद्यात सगळीकडे ‘पक्षपात’ शब्द वापरलाय. मला तो खटकतो, पण का ते नेमकं सांगता येत नाही. ‘दुजाभाव’ किंवा ‘आपपरभाव’ चालेल का? जाणकारांनी सांगावं.

—

खटकतो ते बरोबरच आहे. पक्षपात म्हटलं की ज्याला झुकतं माप मिळालं त्याच्याकडे लक्ष जातं. साहेबांनी भाच्याला बढती दिली, तर तो पक्षपात. कायदा मात्र विचारतो की कोणाला डावललं आणि कशावरून: लिंग, वंश, धर्म, अपंगत्व? हे ‘कशावरून’ पक्षपातात येतच नाही. दुजाभाव, आपपरभाव हे सुंदर शब्द आहेत, पण ते नात्यागोत्यातले. भावंडांत दुजाभाव होतो. कलमात ‘भेदभाव’च हवा.

—

थोडी पुस्ती जोडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ च्या करारात (क्रमांक १११) भेदभावाच्या व्याख्येत फरक करणं आणि वगळणं यांच्या जोडीला पसंती देणंही आहे. म्हणजे वंशावरून किंवा धर्मावरून एखाद्याला झुकतं माप दिलं आणि त्यामुळे संधीची समानता बिघडली, तर तोही भेदभावच. आणि कामाच्या अंगभूत गरजेपोटी केलेला फरक हा करार भेदभाव मानत नाही. चालकाच्या जागेसाठी वाहन चालवण्याचा परवाना मागणं हा भेद झाला, भेदभाव नव्हे. अनुवादात या दोन शब्दांची सरमिसळ अजिबात होऊ देऊ नका. अर्थ उलटा होतो.

—

दोघांचेही आभार. पण ‘भेदभावा’तल्या ‘भावा’चं काय? मनात तसा भाव नसेल तर?

—

खरी अडचण इथेच आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ हा खटला चालला. चांगल्या जागांसाठी कंपनी शालान्त प्रमाणपत्र आणि चाचण्या मागत असे. नियम सर्वांना सारखाच, पण त्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहत, आणि त्या अटींचा प्रत्यक्ष कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हेतू चांगला असला तरी अशी अट चालणार नाही. याला आपण ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ म्हणतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे लपूनछपून केलेला! म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथेच एक वाक्य घाला: ‘हेतू नसतानाही नियमाच्या परिणामामुळे होणारा भेदभाव.’ शब्द बदलण्यापेक्षा हे बरं.

—

एक क्रियापद मात्र सोडू नका: डावलणे. ‘वगळणे’ कोरडं आहे, यादीतून नावही वगळतात. डावललं जातं ते ज्याचा हक्क होता त्याला. निवड, बढती, प्रशिक्षण या कलमांत ‘लिंगावरून डावलले जाणार नाही’ असं लिहा, कामगाराला लगेच कळेल. वेतनाच्या कलमात ते बसणार नाही. तिथे ‘समान मूल्याच्या कामाला समान मोबदला’ असंच सरळ लिहा.